अर्ध्या तासाची तक्रार

महादेवराव चनखोरे पोस्टमास्तरांचं वैर एका बसशी होतं. माणसांशी वैर धरायला सवड लागते आणि ती त्यांना खात्यानं कधी दिली नाही.

बसचा गुन्हा एवढाच, की ती वेळेवर सुटायची. आमच्या मेहकरला रेल्वे नाही. टपाल रेल्वेनं टेसनाच्या गावी यायचं. तिथं पत्रं निवडायची, गावोगावच्या पिशव्या बांधायच्या, गाठीवर लाखेचं सील ठोकायचं आणि पिशवी दुपारच्या बसवर चढवायची, अशी रीत. पण बस सुटायची, तिच्या मागचा धुरळा खाली बसायचा आणि मग अर्ध्या तासानं मेहकरची पिशवी तयार व्हायची. रोज. ती रात्रभर तिथंच मुक्काम करायची आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं, शिळी होऊन, आमच्याकडे यायची. म्हणजे जगात काहीही घडो, मेहकरला ते एक दिवस उशिराच घडायचं.

बसनं अर्धा तास थांबून निघावं, एवढंच मास्तरांचं मागणं होतं. नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. "खुर्ची सोडाच्या आधी ही पिशवी त्याच दिवशी गावात आनून दाखवतो," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना हातातला ठसा जवळच्या पाकिटावर असा हाणायचे की आतल्या मजकुरावरही तारीख उमटावी.

माझं भुसाराचं दुकान पोस्टासमोर. बसल्या जागी माणसं तोलायची सवय. गावाचे मी दोन भाग पाडले होते: ज्यांना टपाल येतं ते, आणि ज्यांना कधीच येत नाही म्हणून जे रोज विचारायला येतात ते. दुसऱ्यांचीच गर्दी जास्त. मास्तर दोघांनाही सारख्याच वैतागानं वागवायचे, आणि म्हणून दोघांनाही ते आपले वाटायचे.

त्यांची कारकीर्द थोडक्यात सांगता येते. साहेबाच्या राज्यात डोणगावला कारकून लागले, मेहकरला मास्तर होऊन आले आणि गावानं त्यांना जाऊच दिलं नाही. बदलीचा हुकूम आला की हिंमतराव कागद घेऊन निघायचे. हिंमतरावांची जमीन जानेफळच्या शिवारात, घर मेहकरात आणि पाय सगळ्यांच्या भानगडीत. 'सदर पोस्टमास्तर अत्यंत लोकप्रिय असून' अशी सुरुवात आणि खाली सह्या, अंगठे, पुन्हा अंगठे. सही करण्यात आमचं गाव भारी. खातं दरवेळी नमायचं. मधल्या काळात वऱ्हाड नागपूरकडून मुंबईकडे गेलं, मग महाराष्ट्र झाला, काही लोक तर पाकिटावर अजून मध्यप्रदेशच लिहीत. मास्तर मात्र त्याच खुर्चीत.

आणि त्या खुर्चीतून त्यांचा पत्रव्यवहार चालू. वरच्या ऑफिसला लिहिलं, तर उत्तर आलं, बस आमच्या हातात नाही. बसवाल्यांना लिहिलं, तर पिशवी आमच्या हातात नाही. पिशवी तरी लवकर बांधा म्हणून लिहिलं, तर रेल्वे आमच्या हातात नाही.

"शेठ," मास्तर एकदा मला म्हणाले, "या देशात हात हायेत तरी कोनाले, ते एकदा पाह्यजे मले."

शेवटी वरून एक उत्तर आलं ते मात्र सरळ होतं. सदर विलंबाबाबत जनतेकडून आजवर एकही लेखी तक्रार प्राप्त झालेली नाही, सबब बदलाची आवश्यकता दिसून येत नाही.

मास्तरांनी तो कागद आणून माझ्या गल्ल्यावर आपटला. कारण तक्रारींचा दुष्काळ नव्हताच. रोज खिडकीवर तक्रारींचा पाऊस पडायचा. पण तोंडी. आमच्याकडे माणूस पोस्टात येतो, मास्तरांना चार शब्द सुनावतो, त्याचं मन मोकळं होतं, मग तोच मास्तरांना चहा सांगतो. संपलं. कागदाला कोण विचारतो?

त्याच आठवड्यात हिंमतराव खिडकीवर आले. त्यांच्या मावसभावाच्या दहाव्याचं पत्र आदल्या संध्याकाळी मिळालं होतं.

"काय हो मास्तर! मी तिथी पोचलो तं लोक आंघोळी करून केस वाळवून राह्यले होते. मले पाहून म्हंतात, या, जेवाले बसा! शोभते का हे?"

मास्तरांचे डोळे चमकले. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "हेच लिहून द्या हिंमतराव. चार ओळी."

"लिहून?" हिंमतराव दोन पावलं मागे सरले. "तुमच्या इरोधात? मले काय समजले तुमी?"

"माह्या इरोधात नाही हो! बसच्या!"

"बसनं माह्यं काय केलं? बस तं येळेवर येते बिचारी." मग आवाज खाली आणून, "तुमाले बोललो, मोकळा झालो. मनाले लावून घेऊ नका. मोतीराम! दोन चहा, एक बिनसाखरेचा!"

बिनसाखरेचा मास्तरांचा होता. गावाला त्यांच्या चहाचीसुद्धा इतकी काळजी.

त्यानंतर महिन्याभरात सोजराबाईचं कार्ड आलं.

सोजराबाई पैनगंगेच्या काठी मेथी-वांगी पिकवायची आणि बाजारात बसून विकायची. तिचा पुंजाजी मॅट्रिक झाला होता, अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत अर्ज केला होता. मुलाखतीचं बोलावणं आलं ते ज्या दिवशी सकाळी मुलाखत होती त्याच संध्याकाळी. सोजराबाई डोक्यावरच्या पाटीसकट पोस्टात शिरली.

"मास्तर, तुमच्या पिशवीले आग लागो! माह्या लेकाची नौकरी खाल्ली तुमी! आज सकाळी त्याले अकोल्यात उभं राहाचं होतं, अन् कारड आता देता? आता काय उद्या जाऊन त्या खुर्चीले राम राम करून येऊ का?"

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी कार्ड उलटं केलं, ठशावर बोट ठेवलं. "हे पाह्य बाई. कालच टेसनावर आलं होतं हे. कालची बस अर्धा तास थांबली असती तं..."

"मले ठसे काऊन दाखवता? मले ठसे वाचता आले असते तं मी मेथी इकत बसली असती का?"

"बरं, नको वाचू. तू बोललीस ते मी लिहितो, तू खाली अंगठा दे. पुंजाजीची सही घेऊ."

सोजराबाईचा आवाज एकदम खाली आला. तिनं मास्तरांकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनी विहिरीत उडी मारायची परवानगी मागितली. "अंगठा? अन् मंग तुमची नौकरी गेली म्हंजे? माह्या भावाचं पत्र घरी आनून कोन देईन मले? जे झालं ते झालं. नशीब माह्या पोराचं."

जाताना तिनं मेथीच्या दोन जुड्या टेबलावर आपटल्या. रागानं आणलेली मेथी. परत कशी न्यायची?

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. बसून त्यांनी स्वतःच एक पत्र लिहिलं, नेहमीचं गुळमुळीत नव्हे. एका होतकरू मुलाची नोकरी टपालाच्या या व्यवस्थेमुळे गेली, त्याचं नाव हे, आईचं नाव हे, गावातल्या कोणालाही विचारा. नक्कल आणखी वरच्या ऑफिसला. आणि काय चमत्कार, या वेळी उत्तर आलं: चौकशीसाठी इन्स्पेक्टर येतील, साक्षीदारांना हजर ठेवावं.

मास्तर रस्ता ओलांडून माझ्याकडे आले ते जवळजवळ पळतच. "शेठ, येऊन राह्यले! आता बोलू द्या लोकाइले!" मग हिंमतरावांना सांगितलं, शाळेच्या किसनराव गुरुजींना सांगितलं, सोजराबाईला बाजारात गाठून सांगितलं. एकच वाक्य: साहेब येतील, जे हाय ते सांगा.

गावाला एकच शब्द ऐकू आला. चौकशी.

मोतीरामचं हॉटेल माझ्या दुकानाला लागून. संध्याकाळी तिथं बैठक बसली. हिंमतराव बाकावर मांडी घालून. "चौकशी कोनाची असते बे? चोराची. मास्तर रिटायर होऊन राह्यले, अन् कोन्या दुश्मनानं ऐन वक्ताले अर्ज ठोकला. आता त्याइची लाज आपल्या हाती हाय."

मी मधल्या फळीवरून मान घातली. "हिंमतराव, अर्ज मास्तरांनी स्वतःच केला आहे. मला दाखवलाय त्यांनी."

"काय बोलता शेठ! सोताच्या ऑफिसात सोता कोनी चौकशी आनते का? मास्तर येडे हायेत का?"

मी मान परत घेतली. गुरुजी म्हणाले, "मी सांगेन, टपाल नियमित आहे." सोजराबाई दाराशी उभी होती. तिनं पदर कमरेला खोचला.

साहेब आले. पुण्याकडचे, बोलणं शुद्ध, कपडे शुद्ध, चहाला नाही म्हणाले. नियम असा, की जबाब होताना पोस्टमास्तरनं आत थांबायचं नाही. मास्तर येऊन माझ्या दुकानात तुरीच्या पोत्यावर बसले. एवढ्या वर्षांत त्यांना पोस्टाच्या वेळात पोस्टाबाहेर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

हिंमतराव बाहेर आले, आमच्याकडे पाहून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मान डोलावली. गुरुजी बाहेर आले, तेही हसले. "बिलकुल चिंता करू नका," म्हणाले.

"पाह्यलं शेठ?" मास्तर म्हणाले. "येळ आली की गाव बोलते."

मग सोजराबाई आत गेली. बाजारात बसणाऱ्या बाईचा आवाज, खिडकी उघडी. रस्ता ओलांडून शब्द न् शब्द आमच्याकडे येत होता.

"बाई, मुलाखतीचं कार्ड तुम्हाला कधी मिळालं?"

"येळेवर मिळालं साहेब. येळेच्या आधीच म्हना ना."

मास्तर पोत्यावरून उठले.

"आधी? मग इथे लिहिलंय ते..."

"मले लिहिलेलं नाही समजत. मास्तर तं देवमानूस हायेत. पोष्टमन बिमार असला तं सोता घरी आनून देतात."

"मग मुलगा मुलाखतीला का गेला नाही?"

पुंजाजी पोस्टाच्या पायरीवर उभा होता. त्यानंही कान टवकारले.

"झोपला होता," सोजराबाई म्हणाली.

"झोपला होता?"

"लय झोपतो साहेब. लहानपनापासून. अंगावून बैलगाडी गेली तरी उठत नाही."

"माय!" पुंजाजी पायरीवरून ओरडला.

पण त्याच्याही आधी मास्तर रस्ता ओलांडून खिडकीला भिडले होते. गजांना धरून ओरडले, "सोजराबाई! खोटं काऊन बोलतं व! सांग ना खरं! शिव्या दिल्या का नाही तू मले? पिशवीले आग लागो म्हनलीस का नाही?"

"म्या?" सोजराबाई साहेबांकडे वळली. "पाहा साहेब, किती साधा मानूस. सोताच्याच अंगावर घेऊन राह्यला."

"चनखोरे," साहेब आतून म्हणाले, "साक्षीदारावर दडपण आणू नका. बाहेर बसा."

मास्तर परत आले आणि माझ्या पोत्यावर बसले. तुरीचे दाणे मुठीत घेऊन चोळत राहिले, फोलपटं उडेपर्यंत. थोड्या वेळानं साहेब जाताना त्यांच्याशी हस्तांदोलन करून गेले. इतकं प्रेम एखाद्या पोस्टमास्तरवर आपण पाहिलं नाही, असं म्हणाले.

संध्याकाळी मास्तरांनी सोजराबाईला तिच्या बाजारातल्या ओट्यावर गाठलं. मी कोथिंबीर घ्यायला गेलो होतो. घरात कोथिंबीर होती, पण गेलो होतो.

"काऊन केलं असं?"

"मंग काय म्हातारपनी तुमाले बेड्या घालू?"

"बेड्या कोन घालत होतं मले! ती बस थांबली असती व, बस! उद्या दुसऱ्या कोन्या लेकराचं कारड येईन, तेबी असंच..."

"ते मले काय माहीत," सोजराबाई म्हणाली. पण वांगी रचणारा तिचा हात थांबला होता.

पुंजाजी मागे उकिडवा बसला होता. "बस राहू द्या काका. मी सरकारी कागदावर झोपाळू लागलो, त्याचं काय? आता चौकीदाराचीबी नौकरी भेटन का मले?"

मास्तर रिटायर झाले. गावानं शाल दिली, नारळ दिला. खात्यानं काचेच्या चौकटीत घातलेलं प्रशस्तिपत्र पाठवलं. संपूर्ण कार्यकाळात जनतेची एकही तक्रार नसल्याबद्दल. किसनराव गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं, टाळ्या पडल्या. मास्तर टाळ्या संपेपर्यंत बुटांकडे पाहत होते. त्यांच्या जागी इंद्रभान नावाचा तरुण मास्तर आला, हसरा, तेल लावून भांग पाडलेला. बस वेळेवर सुटत राहिली. पिशवी मुक्काम करत राहिली.

खुर्ची सुटली, म्हणजे विषय सुटला असं मला वाटलं होतं. पण माणूस रिकामा झाला की विषय जास्तच फुगतो. रोज दुपारी मास्तर माझ्याकडे येऊन बसायचे, शिळी पिशवी उतरताना पाहायचे आणि दात खायचे. एक दिवस ते उठले आणि मला म्हणाले, "शेठ, चला माह्यासंगं. साक्षीदार पाह्यजे."

आम्ही सोजराबाईच्या मळ्यात गेलो. मास्तरांनी खिशातून कागद काढला आणि पुंजाजीपुढे ठेवला. "लिही. तुह्यं नाव, पत्ता. खाली लिही: मला माझे कार्ड एक दिवस उशिरा मिळाले. त्यास तत्कालीन पोस्टमास्तर महादेवराव चनखोरे जबाबदार आहेत."

पुंजाजीनं वर पाहिलं. "तुमी?"

"लिही. सदर पोस्टमास्तर आलेले टपाल एक दिवस दाबून ठेवत असत, व चौकशीच्या वेळी त्यांनी साक्षीदारांना शिकवून खोटे जबाब देण्यास लावले."

"काका, हे तं झूट हाय."

"झूट हाय म्हूनच चालन. खरं मी लय वर्षं लिहून पाह्यलं."

मी म्हणालो, "मास्तर, जन्मभराचं नाव..."

"नावाचं काय करू शेठ? भिंतीवर टांगलं हाय. त्यानं पिशवी येते का? माह्या गावचे लोक जित्या मानसावर तक्रार करत नाहीत. इंद्रभानवर करनार नाहीत, त्याले लेकरं हायेत. बसच्या ड्रायव्हरवर करनार नाहीत, तो कोनाचा तरी जावई हाय. मंग राह्यलं कोन? मी. माह्यं आता कोनी काय घेते?"

सोजराबाई बांधावर बसून ऐकत होती. "डोकं फिरलं तुमचं," ती म्हणाली. "मी नाही अंगठा देनार."

"जबाब खोटा होता असं तू म्हटल्याशिवाय पोराच्या नावावरची झोप कशी पुसन?"

याला मात्र ती अडखळली. पोराकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मग शाईच्या डबीत अंगठा असा दाबला की पार नखापर्यंत निळा झाला. "देवा," म्हणाली, "खरं बोलले तं खोटं व्हते, अन् खोटं बोलले तं खरं. तुमचं पोष्ट तुमालेच लखलाभ."

गुन्हेगार सापडला की खात्याला काम सुचतं. बस, रेल्वे, पिशवी, कोणी कोणाच्या हातात नव्हतं. पण महादेवराव चनखोरे हातात होते. भराभर कागद हलले. हुकूम आला: यापुढे कोणत्याही पोस्टमास्तरास टपाल दाबून ठेवण्यास वाव राहू नये, म्हणून मेहकरची पिशवी आलेल्या दिवशीच रवाना करावी, आणि त्यासाठी दुपारची बस अर्धा तास उशिरा सोडण्याबाबत बसवाल्यांशी ठरवण्यात आलं आहे.

पहिल्या दिवशी ताजी पिशवी उतरली तेव्हा मास्तर माझ्या दुकानाच्या खांबाला धरून उभे होते. पोस्टासमोर हिंमतराव लोकांना सांगत होते, "पाह्यलं? नवा पोट्टा लय कामाचा हाय. आल्या आल्या पिशवी पळवत आनली!" इंद्रभान हसला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलं की कौतुक घ्यायला सोपं जातं.

त्याच ताज्या पिशवीतून मास्तरांच्या नावाचा लिफाफा आला. प्रशस्तिपत्र परत करावं. पोस्टमननं घरी देण्याआधी अर्थातच चौकात चर्चा केली. आणि संध्याकाळपर्यंत हिंमतराव कागद घेऊन निघाले.

मोतीरामकडे बाकावर कागद, शाईची डबी, माणसं. "लिहा गुरुजी," हिंमतराव सांगत होते, "आमच्या मास्तरनं एकबी पत्र दाबलं नाही. मेहकरले पत्र कधी उशिरा आलंच नाही. कोन्या हरामखोरानं ही तक्रार केली त्याले शोधून काढा."

मास्तर ऐकून धावत आले, पायात वहाणाही नव्हत्या. त्यांनी गुरुजींच्या हातातला कागद ओढला. "हे वर गेलं तं पुन्हा चौकशी होईन! पुन्हा म्हनतील, उशीर नव्हताच! बस पुन्हा पहिल्यासारखी जाईन! थांबा!"

"तुमी शांत बसा मास्तर. आमी पाहून घेतो."

"काय पाहून घेता? ती तक्रार मी लिहून दिली हाय! मी! तोच हरामखोर!"

हॉटेलात भांडी वाजायची थांबली. हिंमतराव हळूहळू उभे राहिले. "तुमी? अन् त्यात जबाबाचं काय लिहिलं?"

"खोटे होते असं लिहिलं."

"म्हंजे आमी खोटारडे?"

"मंग काय खरे होते?"

"तुमच्यासाठी बोललो ना ते!"

"मी मागितलं होतं का?" मास्तरांचा आवाज फाटला. "मी काय मागत होतो इतके वर्षं? अर्धा तास! अन् तुमी काय देल्लं? शाल!"

हिंमतरावांनी कागद घेतला, चार तुकडे केले आणि मोतीरामच्या चुलीत टाकले. "आजपासून तुमचं आमचं बोलनं बंद."

गावात हे असं बंद झालं की पक्कं बंद होतं. प्रशस्तिपत्र मास्तर स्वतः रजिस्टर करून आले; इंद्रभाननं खाली मान घालून पावती दिली. त्यानंतर लोक पोस्टात येत, त्याच दिवशीचं टपाल घेत आणि माझ्या दुकानावरून जाताना मला राम राम करत, मास्तरांना वगळून. एका पोत्यावर दोन माणसं बसली असताना एकालाच राम राम करणं सोपं नाही, पण आमच्या लोकांनी ती कला साधली. सोजराबाई तेवढी बोलायची, तेही रागानंच.

पंधरवड्यानं हिंमतराव पोस्टातून पत्र वाचतच बाहेर आले. मुलगी शालू उद्या लेकरू घेऊन येणार होती. आनंद कोणाला तरी सांगायला हवा, ते माझ्यापुढे उभे राहिले आणि मास्तरांच्या डोक्यावरून पाहत म्हणाले, "शेठ, पोरीचं पत्र आजच आलं पाहा. नव्या मास्तरची मेहरबानी." हे मुद्दाम होतं, मलाही कळलं.

मास्तर माझ्याकडे पाहत म्हणाले, "शेठ, त्याइले सांगा, उद्या बस अर्धा तास उशिरा येईन. उन्हात आधीपासून जाऊन उभे राहू नका म्हना."

"शेठ, विचारा त्याइले, अर्धा तास काऊन?"

"शेठ, सांगा, आता तोच टाइम हाय."

हिंमतराव विसरले, की बोलणं बंद आहे. "तोच टाइम? अहो, पोरीले पुढं डोणगावची गाडी धराची हाय, तिच्या आत्याकडं! अर्धा तास उशीर म्हंजे ती गाडी गेली! आत्या तिथी रातभर स्टँडवर वाट पाहत बसन का तिची? कोन्या गाढवानं केला हा टाइम? शेठ, कागद द्या. लिहूनच देतो आता. सगळ्या गावाच्या सह्या घेतो!"

आणि ते खरंच माझ्या गल्ल्यावरचा कागद ओढून, पोत्यावर ठेवून, उभ्या उभ्या लिहू लागले. 'मेहकरला येणारी दुपारची बस' एवढं झालं होतं.

मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं. मला मध्ये न घालता, थेट, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ते ओरडले, "हिंमतराव! पेन खाली ठेवा!"

"नाही ठेवत!"

"डोणगावची गाडी अर्धा तास थांबवा म्हून लिहा! ते लिहा! मी सांगतो काय लिहाचं ते!"

"तुमी कोन सांगनार?"

"मंग आना तो कागद इकडं!"

पत्र वाचत चाललेली माणसं वळून उभी राहिली. मोतीराम किटली घेऊन बाहेर आला. दोघांनी कागदाची दोन टोकं धरली होती आणि सोडायला कोणीच तयार नव्हतं.